दादांसाठी काय मागायचं

पवनेत जलपर्णी दाटली, की आमच्या काळेवाडीत डास आणि उपवासकाळ एकदमच येतात. भस्म बुधवार कॅलेंडरात शोधायची आम्हाला गरज पडत नाही. दिवेलागणीला दारं-खिडक्या लावायची पळापळ सुरू झाली, गॅलरीतले कपडे आत आणताना कानाशी ती बारीक तार वाजली, की समजावं, आता ईस्टरपर्यंत मटण बंद. यंदाही तसंच झालं. मंगळवारी आमच्याकडे शेवटचा रस्सा झाला आणि बुधवारी आमच्या ह्यांनी माळ्यावरून डासांची बॅट काढून चार्जिंगला लावली. बाकीचे ख्रिस्ती लोक या दिवसांत आत्मपरीक्षण करतात म्हणे. आम्ही प्रार्थना करता करता डास मारतो.

हसू नका. डोळे मिटून, मान खाली घालून बसलेल्या माणसाला डास जितक्या निवांतपणे चावतो, तितका तो कुणालाच चावत नाही. म्हणून ह्यांचा एक हात छातीशी आणि दुसऱ्या हातात बॅट. "हे कृपाळू पित्या, आम्ही तुझ्या चरणांशी..." चट्ट! "...नम्रपणे येतो."

या काळात काहीतरी सोडायची आमच्यात पद्धत आहे. मी एका वर्षी राग सोडायचं ठरवलं होतं. तो गुरुवारी सकाळी पाणी आलं नाही तेव्हा परत आला. मग साखर सोडून पाहिली, मग मालिका. आता वय झालं, आता मी जमेल तेच सोडते. हे चहा सोडतात. उपवास त्यांचा असतो, भोगतो तो आम्ही.

आमचे हे, म्हणजे विजय, चाकणला एका कंपनीत लाईनवर सुपरवायझर आहेत. त्यामुळे आमच्या घरची प्रार्थना कंपनीच्या शिफ्टवर चालते. फर्स्ट असली की संध्याकाळी, सेकंड असली की दुपारी जेवणाआधी, आणि नाइटच्या आठवड्यात हे निघायच्या आधी, पायांत सेफ्टी शूज घालूनच. एकदा नाइटच्या आठवड्यात प्रार्थना म्हणता म्हणता ह्यांना डुलकी लागली. "हे प्रभू, आमच्या या घराला..." इथपर्यंत आले आणि गप्प. आम्ही डोळे मिटून वाट बघतोय. मग एकदम दचकून म्हणाले, "मेन्टेनन्सला फोन लावा रे!" आमची लेक प्रेरणा ओढणी तोंडात कोंबून आत पळाली. दादा मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बरुबर हाय त्याचं. या घराला मेन्टेनन्सच लागतो."

दादा म्हणजे माझे सासरे. त्यांच्याकडे येतेच. आधी आमच्या प्रार्थनेची गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्यात प्रार्थना आपापल्या शब्दांत, मोठ्यानं करायची असते. पाठ केलेलं काही नाही. एकेकानं क्रमानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. आता तुम्हीच सांगा, ज्या घरात कुणी कुणाचं वाक्य पुरं ऐकून घेत नाही, त्या घराला अशी सोय मिळाली तर काय होईल? जे जेवताना बोलता येत नाही, ते आम्ही देवाच्या कानात घालतो, आणि घालतो अशा आवाजात की शेजारी बसलेल्यालाही नीट ऐकू जावं.

"हे पित्या, आमच्या मुलीला सकाळी लवकर उठायची सुबुद्धी दे," असं हे म्हणतात. प्रेरणा माणला आयटीत आहे, निम्मे दिवस घरून काम करते. तिची पाळी आली की ती म्हणते, "हे पित्या, लॅपटॉपसमोर बसलेलं माणूसही कामच करत असतं, हे आमच्या पप्पांना कळू दे." मग मी, "प्रभू, ज्यांना भाजीत मीठ कमी वाटतं, त्यांना उठून मीठ घेण्याचं बळ दे." माझी नणंद सुनंदाताई कुरुळीहून शनिवार-रविवारी यायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "हे दयाळू देवा, माहेरी आलेल्या लेकीला बघून ज्यांचं तोंड पडतं, त्यांना क्षमा कर." त्या दिवशी माझी पाळी होऊन गेली होती! उत्तर द्यायला जागाच नाही. घास अडकल्यासारखी मी आठवडाभर फिरले. तेव्हापासून मी शेवटचा नंबर धरून ठेवते.

पाळकसाहेबांना हे कळलं तर ते काय म्हणतील कोण जाणे. पण मला वाटतं, देवाला याचं वाईट वाटत नसावं. बोलणं बंद झालेल्या दोन भावांमध्ये एखादी म्हातारी आत्या निरोपांची ने-आण करते, तसं तो आमचं काम करत होता. आणि आमेन झालं, की खरंच कुणीतरी उठून मीठ घ्यायचं.

दादांची कॉट हॉलमध्ये आली त्या वर्षीच्या उपवासकाळात हे सगळं थांबलं.

दादा तरुणपणी नगरकडून पिंपरीत आले, एका फाउंड्रीत मोल्डिंगला लागले आणि निवृत्त होईपर्यंत वाळू आणि धूर यांतच राहिले. घरी आल्यावर ते आंघोळीला बसले की न्हाणीघरात काळं पाणी वाहायचं, असं सासूबाई सांगायच्या. बाहेरचं धुवून निघालं, आतलं राहिलं. सासूबाई गेल्या, मग दादांचा दम वाढत गेला. आधी जिना, मग गल्लीचं टोक, मग संडासापर्यंतचं अंतर. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते कॉटच्या पायथ्याशी घुरघुरत असायचं आणि त्याच्या बाटलीतलं पाणी दिवसरात्र बुडबुडत असायचं. दादांना आडवं होता येईना. पुढ्यात स्टूल, स्टुलावर दोन उशा, त्यांवर कपाळ टेकून ते बसल्या बसल्या झोपायचे. नाकातल्या नळीच्या दोऱ्यांनी गालांवर दोन वळ पडले होते. प्रेरणा तिथे क्रीम लावायची, तेव्हा म्हणायचे, "लाव बाई लाव, नवरदेव करती काय मला?"

प्रार्थना त्यांच्या कॉटभोवती होऊ लागली. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच मागणं आलं. दादांना बरं कर. उठण्याबद्दल नाही, मिठाबद्दल नाही, माहेर-सासरबद्दल नाही. कोणी कुणाला एक टोमणा मारीना. घरातली भांडणं बंद झाली, की समजावं, घर घाबरलंय.

सुनंदाताई तर दोन बस बदलून आता मधल्या वारीही यायला लागल्या. येताना डब्यात नाचणीची पेज. आल्या की पर्स बाजूला टाकून दादांच्या छातीवर तळहात ठेवायच्या आणि मोठ्यानं मागायच्या, इतक्या मोठ्यानं की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायचा. "प्रभू, तू मेलेल्यांना उठवलंस! माझ्या बापाच्या छातीत नवा श्वास घाल!"

"सुनंदे," दादा दम खात म्हणायचे, "हळू गं. देवाला ऐकू येतंय. तुज्या आवाजानं मलाच धाप लागती."

मला त्यांचं हसू यायचं आणि त्याच वेळी हेवाही वाटायचा. त्यांचा विश्वास गव्हाच्या कणकेसारखा, तिंबावा तेवढा मऊ आणि चिवट. माझा भाकरीच्या पिठासारखा. जरा हात चुकला की कडेला तडा.

गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे इथल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. मशीन बंद, म्हणून दादांना सिलिंडर लावला होता. घुरघुर थांबल्यावर घर किती मोठं वाटायला लागतं! खाली पाववाल्याचा भोंगा, कुणाच्या तरी घरी कैरीच्या फोडींवर सुरी चालल्याचा आवाज, उन्हानं तापलेल्या पत्र्याचं कडकडणं. मी कॉटजवळ मेथी निवडत बसले होते.

"सूनबाई, एक इचारू?"

"विचारा की."

"तुमी समदे मिळून रोज माझ्यासाठी काय मागता?"

"काय म्हणजे? तुम्ही बरं व्हावं म्हणून मागतो."

"बरा म्हंजी कसा? डॉक्टर तर म्हणला, फुप्फुस काय नवं येत न्हाई." मग थोडा वेळ फक्त श्वास. एक वाक्य बोलायचं तर त्यांना आधी तेवढा वारा गोळा करावा लागायचा. "मला वाटतं, एक दिस या घरानं म्हणावं, प्रभू, याला ने आता. याचं काम झालंय."

माझे हात मेथीत थांबले. अशा वेळी शहाणं माणूस काहीतरी अर्थपूर्ण बोलतं. मी म्हणाले, "चहा टाकू?"

"टाक. पर ते उत्तर न्हाई."

"मग तुम्हीच मागा ना, दादा. तुमचं तो ऐकेल."

"मागतो की. रोज मागतो. पर एकट्यानं मागितलं की चोरावानी वाटतं. मागच्या दारानं पळून चालल्यावानी. घरानं मागितलं, तर वेशीपर्यंत पोचवायला आल्यावानी वाटंल." आणि जरा थांबून, "तू म्हण. तू शेवटाला असतीस."

मी चहा टाकला. तो उतू गेला.

ह्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. हे गॅलरीत कंपनीचा युनिफॉर्म वाळत घालत होते.

"म्हणजे मी देवाला सांगू, की माझ्या बापाला उचल?"

"उचल नाही हो. ते म्हणतात..."

"शब्द बदलला म्हणून अर्थ बदलतो का?" त्यांनी शर्ट असा झटकला की पाण्याचे थेंब माझ्या तोंडावर उडाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला कंटाळा आला असेल तर सांग. मी रजा टाकतो."

हे वाक्य मला किती दिवस पुरलं! कंटाळा आला होताच. भांडं देणं, अंग पुसणं, उशा बदलणं, दर गुरुवारी सिलिंडरचा काटा बघणं. कुणाला येत नाही कंटाळा? तो येणं वेगळं आणि माणूस नकोसा होणं वेगळं, हे मला पक्कं माहीत होतं. पण ते सिद्ध कसं करायचं? दादांना सोडव, असं मी म्हटलं, तर त्या वाक्याच्या पोटात माझी सुटकाही बसलेली असणार. माणसांपासून ती लपवता आली असती, पण मी बोलणार होते ते माणसांशी नव्हतंच. माणसाच्या मनात शुद्ध असं एकही मागणं नसतं की काय? आईनं लेकराच्या परीक्षेसाठी मागितलं तरी त्यात चार बायकांत मान वर करून चालायची हौस असते. एरवी ते खपून जातं. या एका मागण्यात मात्र मला माझा तो हिस्सा भाकरीतल्या खड्यासारखा लागायचा.

पाळकसाहेब भेटायला आले. वाचन झालं, प्रार्थना झाली. त्यांनी दादांना शांती मागितली, आम्हाला धीर मागितला. पोचवायला जिन्यापर्यंत गेले तेव्हा मी दादांची इच्छा त्यांच्या कानावर घातली. वाटलं, ते शिकलेले आहेत, ते म्हणतील. ते चपलेचा बंद लावत वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. "ताई," शेवटी म्हणाले, "माझ्या आईच्या वेळी मलाही नाही म्हणता आलं."

समोरच्या शिंदेवहिनी लातूरकडच्या. त्यांच्याकडे हा प्रश्नच नव्हता. पाणी भरताना मला म्हणाल्या, "किती तरास व्हायलाय हो म्हाताऱ्याला. तुमच्या देवाला सांगा की ताई, सोडव म्हणून. मी तर रोज सांगायले आमच्या देवाला. तुमच्यात चालत नाही का तसं?"

"चालत नाही असं काही नाही."

"मग?"

"मग काही नाही, वहिनी. तुमची बादली भरली."

हे दादांना सांगितलं, तर ते कितीतरी दिवसांनी मनापासून हसले, आणि मग खोकले. "चला. गल्लीतून एक तरी आली म्हणायची पोचवायला."

त्या दिवसांत चर्चमध्ये, प्रभूला पकडून नेलं त्या बागेतल्या रात्रीवर उपदेश झाला. प्रभू आपल्या मित्रांना एवढंच म्हणतो, की माझ्याजवळ जागे राहा, आणि ते झोपतात. लहानपणापासून मला त्या शिष्यांचा राग यायचा. एवढंही जमू नये? त्या रविवारी पहिल्यांदा मला त्यांची बाजू कळली. ते आळशी नव्हते. आपल्या माणसाचं दुखणं बघत बसायचं, आणि हाताला काहीच काम नाही, यानं जी झोप येते ती वेगळीच असते. मलाही ती दुपारी दादांच्या पायथ्याशी यायची. दगडासारखी.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी सगळे घरी होते. चर्चमधून आणलेली झावळी प्रेरणानं कॉटच्या वर खिळ्याला अडकवली. संध्याकाळी आम्ही कॉटभोवती बसलो. दादा उशांवरून मान उचलून नीट बसले, सदऱ्याची वरची गुंडी लावून घेतली. दादा वाट बघतायत, हे मला कळलं. मला वाटतं सगळ्यांनाच कळलं, कारण एव्हाना माझ्याकडून ह्यांना, ह्यांच्याकडून ताईंना आणि पातळ भिंतींतून प्रेरणाला सगळं पोचलं होतं.

सुनंदाताईंनी सुरुवात केली. छातीवर हात ठेवला, पण आवाज चढलाच नाही. "हे पित्या, माझ्या दादांना..." आणि थांबल्या. "तुला सगळं माहीत आहे," एवढंच म्हणून त्यांनी हात काढून घेतला.

प्रेरणा म्हणाली, "देवा, आजोबांना नीट श्वास घेता येऊ दे. कुठेही असले तरी." आमच्यातलं सगळ्यात लहान माणूस सगळ्यात पुढे गेलं होतं, आणि तिथून तेही घाबरून मागे फिरलं.

मग हे. ह्यांनी कंपनीसाठी उपकार मानले. घरासाठी मानले. मंडळीतल्या आजाऱ्यांची एकेकाचं नाव घेऊन आठवण केली. देशाच्या पुढाऱ्यांना सुबुद्धी मागितली, पावसापाण्याचं मागितलं. ज्या दारात जायचं नाही ते सोडून सगळी गल्ली फिरले. मग म्हणाले, "आणि आमच्या दादांना..." पुढे काही नाही. फक्त मशीन आणि बुडबुडे. हातातली बॅट खाली पडल्याचा आवाज आला.

माझी पाळी. मी पोळ्या लाटताना वाक्य तयार केलं होतं. साधं होतं, दादांचंच होतं. "हे पित्या," म्हणाले, आणि तोंड उघडं राहिलं. वाक्य होतं, पण ते घशाच्या पलीकडे होतं. मी थांबले. वाटलं, आता येईल. ते आलं नाही. कुणीही डोळे उघडले नाहीत. कुणी खाकरलंही नाही. इतका वेळ आमचं घर कधीच गप्प बसलेलं नाही.

आणि मग दादा म्हणाले, "आमेन."

दम न लागता म्हणाले. कुणी काही हातात दिल्यावर घेतो तसे म्हणाले. आम्ही सगळे सवयीनं त्यांच्यामागून आमेन म्हणालो, आणि म्हणून झाल्यावर लक्षात आलं, की आपण कशाला हो म्हटलंय. ह्यांनी बॅट उचलली, गॅलरीत गेले आणि पाठमोरे उभे राहून नसलेले डास मारत राहिले. दादा म्हणाले, "चला, वाढा आता. भूक लागली."

मला वाटलं होतं, आता लवकरच. माझ्या मनात देवाबद्दल इतक्या सोप्या कल्पना आहेत. दादा ईस्टरला होते, आंब्यांना होते, पहिल्या पावसाची ओल छातीत भरून हाल हाल झाले तेव्हाही होते. बरं करणं देवानं मनावर घेतलं नाही आणि नेणंही नाही. न उच्चारलेलं मागणं बहुधा न मागितलेल्यातच जमा झालं असेल, असंही मला वाटून गेलं. दादांनी परत कधी विचारलं नाही. श्रावणातल्या एका दुपारी पाणी आलं. हे सेकंडला निघून गेले होते. प्रेरणा आत मीटिंगमध्ये होती. मी पिंप भरून हॉलमध्ये आले, तर दादा उशांवर कपाळ टेकून बसलेले, आणि मशीन आपलं घुरघुरतंय. त्यांना वेशीपर्यंत पोचवायचं होतं, आणि घर पाणी भरत होतं.

कॉट आता नाही. तिथे प्रेरणानं कामासाठी टेबल ठेवलंय. या भस्म बुधवारी आम्ही त्या टेबलाभोवती बसलो. सुनंदाताईही आल्या होत्या. ह्यांनी डोळे मिटले, एका हातात बॅट, आणि नेहमीची यादी सुरू केली. कंपनी, घर, मंडळीतले आजारी. "आणि प्रभू, दादांना बरं कर. आणि सुनंदाच्या गुडघ्यांना आराम दे..."

पुढे गेले. त्यांना कळलंच नाही. मी एक डोळा उघडला, तर समोर प्रेरणाचाही एक डोळा उघडा. सुनंदाताईंचे मिटलेलेच होते, पण हनुवटी थरथरत होती. गेलेल्यांसाठी असं मागायची आमच्यात रीत नाही, कुणीतरी ह्यांना सांगायला हवं होतं. मी प्रेरणाकडे बघून मान हलवली, नको म्हणून. ह्यांनी देशाच्या पुढाऱ्यांपर्यंत जाऊन प्रार्थना संपवली, डोळे उघडले आणि विचारलं, "काय झालं? सगळ्या अशा का बघताय?"

"काही नाही," सुनंदाताई म्हणाल्या, "डास होता तुझ्या कपाळावर, विजा."

तेव्हापासून रोज ते दादांना बरं करायला सांगतात. आणि त्यांना ते कळू द्यायचं नाही, एवढं एक काम आम्हा तिघींच्या हातात आहे.